तीन रकाने

आधी काय. मग काय. नंतर काय.
गुरव मॅडमनी वहीवर फूटपट्टीनं दोन उभ्या रेघा मारल्या
आणि म्हणाल्या, एवढंच शास्त्र आहे,
बाकी सगळा सराव.

तासगावात सात वर्षं मी बेदाणा निवडला.
हिरवा, पिवळा, काळा. काडी वेगळी, खडा वेगळा.
डोळ्यांच्या आधी बोटांना दिसायचं.
म्हणून पहिल्या दिवशी बिनधास्त लिहिलं,
"अधिक आज चिडला. हट्टीपणा केला."
मॅडमनी दोन्ही वाक्यं खोडली.
चिडला हे कुठं दिसलं तुम्हाला?
दिसलं ते लिहा.

मी लिहिलं: कपाळ टेबलावर, नऊ वेळा.
आवाज, रिकाम्या क्रेटवर क्रेट आदळावा तसा.
क्रेटही खोडला. नऊ तेवढे राहिले.

वय आठ. बोलत नाही.
आई अजून शेडवर आहे, माझ्याच जुन्या जागेवर बसते.
"अधिक महिन्यातला हाय, म्हणून अधिक," म्हणते,
आणि काडी उचलून बाजूला टाकते.

दहा दिवसांनी रकाने बोलायला लागले.
आधी: मी मण्यांची ताटली पुढं ठेवली.
मग: कपाळ.
नंतर: मी घाबरून ताटली उचलली, बेदाणा दिला.
आधी ताटली, मग कपाळ, नंतर बेदाणा,
पानभर खाली खाली तेच, अक्षर माझंच.
त्याला हे कुणी शिकवलं
ते विचारायला मान वर करावी लागली नाही.

आणि उलटंही होतं.
बेदाणा तोंडात गेला की तो थांबायचा,
आणि ती शांतता मला मिळायची, गोड, बिनबियांची.
म्हणजे देत तोही होता.
शिकत मीही होते.

आता कपाळाला काही नाही. टेबलावर गोधडीची घडी.
माझ्या तळहातावर दोन बोटांची टपली मारली
की लगेच, त्याच क्षणी, एक दाणा.
उशीर झाला की बक्षीस भलत्यालाच मिळतं.
सुरुवातीला मी त्याचा पंजा धरायचे,
मग मनगट, मग कोपर, मग खांद्यामागं नुसता हात.
मदत द्यायला सगळ्यांना येते, मॅडम म्हणाल्या,
काढून घ्यायला शिका.

थांबायच्या आधी वाढेल, असंही बजावलं होतं.
वाढलं. मंगळवारी एकेचाळीस.
मधे गोधडी, मधे माझा हात, बेदाण्याची मूठ पाठीमागं.
मी मोरीत जाऊन रडले.
त्याला रकाना नाही.

रथाच्या सुट्टीत घरच्यांनी ओंजळीनं खाऊ घातलं,
आला तो दाण्याकडं बघेनाच.
भरल्या पोटाला कसलं बक्षीस?
दोन दिवस शोधलं, तेव्हा सापडलं डब्याचं झाकण.
ते टक्क लागतं तेव्हा मान वळते,
ओठ उघडतात, वरचे चार दात दिसतात.
(हसतो, असं लिहिलं नाही.)

त्याच रात्री नवऱ्यानं पेला ओट्यावर आपटला.
मी उठले, गॅस पेटवला, आणि काडी हातातच राहिली.
आधी: पेला रिकामा. मग: आपटला. नंतर: चहा.
सोळा वर्षं, एक दिवस चुकला नाही.
इतकं पक्कं तर आमच्या शाळेत कुणाचंच झालेलं नाही.
गॅस बंद केला.
पेला आणखी चारदा वाजला. मी मोजत होते.

शुक्रवार. कपाळ शून्य, टपल्या सत्तावीस.
अठ्ठाविसावी फाटकापाशी, रिक्षा सुरू झालेली,
दाणे संपलेले, डबा वर कपाटात.
माझ्याकडं द्यायला काही नव्हतं,
तळहात तेवढा उघडा राहिला.
त्यानं परत मारली.
परत.

तिसरा रकाना कोरा ठेवलाय.
सोमवारी मॅडमना विचारीन.